उणे 40 अंशातलं नागपूर

30 मे 2024 रोजी नागपूरचा पारा 56 अंशांवर गेला. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतावर जे स्वयंचलित हवामान केंद्र आहे, त्याने तसं कळवलं. डेथ व्हॅलीचा 1913 सालचा जागतिक विक्रम 56.7 चा आहे, म्हणजे आपण फक्त सात दशांशांनी हुकलो. त्या संध्याकाळी शहरात दुःखाचं वातावरण होतं असं कोणी समजू नये. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना इकडून आपणहून फोन गेले. एरवी 'तुमच्याकडे उकाडा फार बाई' असं म्हणून जे लग्नाची तारीख डिसेंबरात ढकलतात, त्यांना आकडा दोनदा ऐकवण्यात आला. मग हवामान खात्याने तपासणी केली आणि सेन्सर बिघडला होता असा खुलासा केला. आसपासच्या काही केंद्रांवर पारा 44 च्या घरात होता. एका खुलाशात बारा अंश गेले. विदर्भाच्या तोंडचा आणखी एक घास काढून घेतला, असं पानठेल्यावर स्पष्ट बोललं गेलं.

आमच्या लेआउटमध्ये एका गृहस्थांनी मात्र वेगळाच प्रश्न काढला. "सेन्सर खराब आहे हे त्याहिले कोणत्या सेन्सरनं सांगितलं?"

या गृहस्थांना सगळे साहेब म्हणतात. वीज केंद्रात उभं आयुष्य काढून ते निवृत्त झाले. तिथे त्यांच्या हाताखाली किती माणसं होती कोणास ठाऊक, पण निवृत्तीनंतर अख्खा लेआउट त्यांच्या हाताखाली आला, कारण त्यांच्याकडे गाड्या तपासायची केबल आहे.

पूर्वी लेआउटमधली प्रतिष्ठा वेगळ्या वस्तूंवर ठरायची. एकाकडे शिडी असायची, एकाकडे होमिओपॅथीची पेटी, एकाकडे रक्तदाब मोजायचं यंत्र. या तिघांच्या घरी चहाला कधी एकटं बसायची वेळ येत नसे. आता शिडी ऑनलाइन भाड्याने मिळते, रक्तदाब मनगटावरच्या घड्याळात दिसतो. मोकळी झालेली ती जागा केबलवाल्याने घेतली. नागपुरात फिरून पाहा, त्रिमूर्तीनगरपासून नारीपर्यंत दर लेआउटला असे एक साहेब सापडतील. चारचाकी घेणाऱ्याला मुहूर्त भटजी सांगतात, गाडी कोणत्या रंगाची घ्यावी ते बायको सांगते, आणि पहिला पिवळा दिवा लागला की साहेब लागतात.

पिवळा दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचं ते छोटं इंजिनाचं चित्र. अनेकांना ते नळाचं वाटतं, काहींना हेलिकॉप्टरचं. चावी फिरवली की तो लागायला हवा आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. तो विझला नाही, तर इंजिनाच्या संगणकाला काहीतरी खटकलं आहे. तो मिचकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी, कारण एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जात असतं आणि सायलेन्सरकडच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं त्याने वाटोळं होऊ शकतं. तो शांतपणे लागून राहिला असेल तर माणसाला घरी जाऊन काळजी करायला वेळ मिळतो. आणि चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तिथूनच परत फिरावं. बल्ब काढून टाकलेल्या गाड्या असतात. एका गाडीत तर मी दिव्यावर टिकली लावलेली पाहिली आहे. मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "रात्री डोळ्यावर येते ना भाऊ."

माझ्या गाडीचा दिवा एप्रिलच्या शेवटी लागला आणि विझेना. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही, हे पुढे कळेलच. ती जुनी आहे एवढं पुरे.

लेआउटमध्ये बातमी दिव्यापेक्षा लवकर लागते. संध्याकाळी फाटकाशी सल्लागार जमले. एकाने बॅटरीचं टर्मिनल रात्रभर काढून ठेवायला सांगितलं, "दिवा विझून जाते." हा सल्ला अगदीच खोटा नाही. बऱ्याच गाड्यांत त्याने नोंद पुसली जाते, पण बिघाड पुसला जात नाही. गाडी पुन्हा तपासते आणि दिवा पुन्हा लागतो. दुसऱ्याने पेट्रोलमध्ये टाकायची बाटली सुचवली. तिसऱ्याकडे इंधन वाचवणारी डबी होती, तीच गाडीच्या सॉकेटमध्ये बसवून पाहा म्हणाला. या डब्या काही संशोधकांनी उघडून पाहिल्या आहेत. आत मिचकणारे दिवे सापडले, गाडीशी बोलणारं काहीच सापडलं नाही. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण मले तर फरक जाणवते." त्याच्या गाडीला सीएनजी किट आहे.

मग साहेब आले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत निळी केबल, आणि मागून वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा जुना लॅपटॉप छातीशी धरून.

केबल लावायची तर तिची जागा आधी सापडावी लागते. नियम असा की स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत सोळा पिनांचं एक सॉकेट हवं. अमेरिकेत 1996 पासून ते प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचं झालं. त्यामागचा रेटा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा होता. धूर जास्त सुटू लागला तर गाडीनेच मालकाची चुगली करावी, अशी ती योजना. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे 2001 पासून आलं. आपल्याकडे ते भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर आलं, 2010 मध्ये पहिली पायरी आणि एप्रिल 2013 पासून दुसरी. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. 1 एप्रिल 2010 रोजी भारत स्टेज चार तेरा शहरांना लागू झालं, त्यात मुंबई होती, पुणे होतं, सोलापूरसुद्धा होतं. नागपूर नव्हतं. उपराजधानीचा धूर तिसऱ्या श्रेणीचाच राहिला. अनुशेषाच्या कोणत्याही समितीने हा मुद्दा अजून घेतलेला दिसत नाही.

तर दोन फुटांच्या आत. ते दोन फूट नियम करणाऱ्याने खुर्चीत बसून मोजले असावेत. प्रत्यक्षात साहेबांना गाडीच्या दारात आडवं व्हावं लागलं, डोकं क्लचपाशी आणि पाय बाहेर रस्त्यावर. वयाची पासष्टी उलटलेल्या माणसाने मे महिन्याच्या तोंडावर असं आडवं होणं बघून दोन बायका पाणी घेऊन धावल्या. साहेबांनी आतून हात हलवून आपण शुद्धीवर असल्याचं कळवलं. केबल बसली. लॅपटॉपच्या बाजूच्या जाड टोकात लाल दिवा लागला.

"केबल चांगली आहे," साहेब म्हणाले. "दिवा लागला."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ या वाक्याने केला.

पोरग्याने सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर पट्टी सरकली, थांबली, आणि इंग्रजीत निरोप आला की नियंत्रकाशी संपर्क होऊ शकला नाही. साहेबांनी केबल काढून पुन्हा लावली. निरोप तोच. मग लॅपटॉपमधली यंत्रांची यादी उघडली, तर केबलच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. गाडीतल्या पिवळ्या दिव्याचं कारण शोधायला आणलेल्या यंत्रावरच पिवळा दिवा लागला होता. त्या क्षणापासून माझी गाडी बाजूला पडली आणि केबलचे उपचार सुरू झाले.

केबलसोबत एक कागद येतो आणि तळहाताएवढी सीडी. आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते. जुन्याला असते, पण तळहाताएवढी सीडी काही ड्राइव्हमधून परत येत नाही. कागदावरच्या सूचना अशा: आधी अँटिव्हायरस बंद करा. इंटरनेट बंद करा. सॉफ्टवेअर कधीही अपडेट करू नका, केल्यास आम्ही जबाबदार नाही. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला केबल ओळखू देणारा प्रोग्राम, इंटरनेटवरून घ्या. या चारही सूचना एकाच वेळी पाळून दाखवणारा माणूस मला भेटायचा आहे. पोरग्याने मध्यम मार्ग काढला, एका लॅपटॉपवर इंटरनेट चालू आणि दुसऱ्यावर बंद. दोघांमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन माझा मुलगा जिन्यावरून येरझाऱ्या घालत होता.

या जाड टोकात काय असतं ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. तिथे एक चिप असते. लॅपटॉपच्या यूएसबीतून आलेलं बोलणं ती जुन्या सिरियल पद्धतीत बदलते आणि गाडीकडे पाठवते. या कामाच्या नामांकित चिपा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची एफटीडीआय ही कंपनी बनवते, आणि त्यांच्या हुबेहूब नकला बाजारात मुबलक मिळतात. कंपनीने वैतागून ऑक्टोबर 2014 मध्ये एक इलाज केला. विंडोजच्या नेहमीच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला, की नकली चिप दिसली तर तो तिचा ओळख क्रमांक पुसून तिथे शून्य लिहायचा. सकाळपर्यंत चालणारी केबल दुपारी कोणत्याच संगणकाला ओळखू येईना. जगभर ओरड झाली, तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. मग 2016 मध्ये नवा इलाज आला. या वेळी चिप मारायची नाही, फक्त तिच्यातून जाणाऱ्या मजकुरात 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हे शब्द घुसवायचे. म्हणजे गाडीला विचारावं, बाई काय दुखतं, आणि उत्तर यावं की तुमची केबल नकली आहे. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची तऱ्हा आणखी सभ्य. तिचा नवा ड्रायव्हर जुनी किंवा नकली चिप पाहिली की यंत्रांच्या यादीत चिपच्या नावाच्या जागीच लिहितो, ही चिप 2012 पासून बंद झाली आहे, कृपया आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा.

विक्रेत्याशी संपर्क! आमच्या साहेबांनी केबल बर्डीच्या बाजारात घेतली होती. बर्डीवरच्या ज्या माणसाने ती विकली, तो सध्या तिथेच मोबाइलची कव्हरं विकतो आणि केबल पाहिल्यावर म्हणाला, "काका, हे मी विकलं नाई. विकलं असतं तर मले आठवलं असतं. चांगली दिसते."

चिपांचंच कशाला, बिनतारी डब्यांचीही तीच कथा आहे. ब्लूटूथवर चालणाऱ्या स्वस्त डब्यांवर ईएलएम 327 असं लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. 2005 च्या सुमारास तिची पहिली आवृत्ती आली आणि तिच्या आतल्या प्रोग्रामला कुलूप घालायचं राहून गेलं. मग जी नक्कल सुरू झाली ती कंपनी 2022 मध्ये बंद होईपर्यंत थांबली नाही, नंतरही थांबली नाही. बाजारातल्या बहुतेक डब्या स्वतःला 1.5 आवृत्ती म्हणवतात. मूळ कंपनीने 1.5 नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. ज्याचा बाप जन्मला नाही असा मुलगा दुकानोदुकानी हजर आहे, आणि त्याच्या भरवशावर लोक दीड लाखाचं इंजिन उघडतात.

इकडे पोरग्याने जुना ड्रायव्हर शोधून घातला. उद्गारचिन्ह गेलं. लेआउटमध्ये टाळ्या पडल्या. मग कळलं की केबलला विंडोजने पोर्ट क्रमांक 11 दिला आहे आणि साहेबांचं सॉफ्टवेअर 1 ते 4 च्या पलीकडे पाहतच नाही. ते लिहिलं गेलं तेव्हा संगणकाला चारपेक्षा जास्त पोर्ट असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. विंडोजचा खाक्या असा की यूएसबीच्या वेगळ्या भोकात केबल घातली की तिला नवा क्रमांक मिळतो आणि जुना तिच्याच नावावर राखून ठेवला जातो. साहेबांनी केबल आजवर प्रत्येक भोकात घालून पाहिली होती. वीज केंद्रातल्या क्वार्टरांचं वाटप काही काळ त्यांच्याकडे होतं, त्यामुळे राहत नसलेल्या माणसाच्या नावावर राखून ठेवलेला गाळा त्यांना लगेच समजला. "जबरदस्ती घुसव," ते म्हणाले. पोरग्याने क्रमांक 3 वर जबरदस्ती घुसवली.

आता सॉफ्टवेअरला केबल दिसली. गाडी दिसली नाही.

मे महिना एव्हाना पूर्ण भरात आला होता. या शहरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदले गेले आहेत, आणि ते साध्या पाऱ्याचे, कोणत्या वादात न सापडलेले. बंद गाडीत त्या हिशेबाने किती होत असेल ते मोजायला आमच्याकडे सेन्सर नव्हता. लॅपटॉप दहा मिनिटांत तापून आपोआप बंद पडायचा. मग साहेबांच्या घरचा कूलर ढकलत अंगणात आणला गेला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला, आणि त्याचं तोंड गाडीच्या उघड्या दाराकडे केलं. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड आला, कारण लॅपटॉपची बॅटरी कधीच गेली होती. गाडीत थंडगार, ओलसर, वाळ्याच्या वासाची हवा. माणसं बाहेर उन्हात. तर्री पोह्याच्या प्लेटा बोनेटवर. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं, नवी गाडी घेतली. दोघांनी अभिनंदनही केलं आणि किती पडली विचारलं.

या दिवसांत साहेबांचा आत्मविश्वास तसूभरही कमी झाला नाही, हे नमूद केलं पाहिजे. आधी त्यांनी ड्रायव्हरला दोष दिला, मग विंडोजला, मग लॅपटॉपला, आणि हे सगळं दुरुस्त झाल्यावर गाडीकडे वळले. "हिचा ईसीएम गेला," त्यांनी जाहीर केलं. ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. तो गेला असता तर इंजिन सुरूच झालं नसतं, आणि माझी गाडी तर रोज मला कामावर नेऊन आणत होती. हे मी बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "सुरू होते म्हणजे चांगली आहे असं नसते. आमच्याकडे एक युनिट सहा महिने सुरू होतं." याला उत्तर नव्हतं.

गाडीला बोलतं करायची जुनी पद्धत मोठी गमतीची आहे. लॅपटॉपने के-लाइन नावाच्या एकाच तारेवरून, सातव्या पिनेतून, सेकंदाला पाच बिट या वेगाने एक पत्ता उच्चारायचा. दहा बिट, दोन सेकंद. हा वेग तार खात्यालाही लाजिरवाणा वाटला असता. तो पत्ता ओळखून गाडीने ओ दिली की दोघं सेकंदाला दहा हजार चारशे बिटांवर बोलू लागतात. नव्या गाड्यांत हे नाही. तिथे सहाव्या आणि चौदाव्या पिनेवर बॉशने 1986 मध्ये मांडलेली कॅन पद्धत असते, ती पुष्कळ वेगवान. पण माझी गाडी जुन्या वळणाची, दोन सेकंद आदराने हाक मारल्याशिवाय ती वळून बघत नाही. लॅपटॉप हाक मारत होता. गाडी गप्प.

शेवटी माझ्या बायकोने, कूलरचं बिल कोण भरतं हा प्रश्न दोन वेळा विचारून झाल्यावर, ऑटोमोटिव्ह चौकातल्या एका इलेक्ट्रिशियनला परस्पर बोलावून घेतलं. तो मोपेडवर आला. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता. एक बल्ब होता, त्याला दोन तारा. एवढं सामान पाहून सल्लागार मंडळींचा चेहरा पडला. काही जण तर अंगावर खेकसल्यासारखे म्हणाले, "अबे, याच्यात सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे."

त्याने गाडीत डोकं घालण्याआधी मला विचारलं, "दादा, मोबाइलचं चार्जर चालते का गाडीत?"

चालत नव्हतं. बरेच दिवस चालत नव्हतं. घरात चार्जर बदलून झाले होते, नवा आणलेला कंपनीचा चार्जरही खराब निघाला म्हणून सगळे हळहळले होते.

त्याने बल्बची एक तार सॉकेटच्या सोळाव्या पिनेला लावली, दुसरी चौथ्या पिनेला. बल्ब लागला नाही. "याले करंटच नाई," तो म्हणाला. "केबल बिचारी काय बोलन?"

सोळाव्या पिनेवर बॅटरीचे बारा व्होल्ट कायम असावे लागतात. चौथी आणि पाचवी पिन अर्थिंगची. ते बारा व्होल्ट नसतील तर के-लाइन मेलेली. बऱ्याच गाड्यांत ही पिन आणि सिगारेट पेटवायचं भोक, ज्यात हल्ली आपण चार्जर घालतो, दोघांना एकच फ्यूज असतो. तो फ्यूज उडाला होता. आणि केबलच्या टोकातला लाल दिवा? त्याला वीज गाडीतून मिळतच नव्हती. ती लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळत होती. भिंतीला लावली असती तरी तो लागला असता. पहिल्या संध्याकाळी 'दिवा लागला, केबल चांगली आहे' म्हणून जे प्रमाणपत्र दिलं गेलं, ते लॅपटॉपने लॅपटॉपलाच दिलेलं होतं. हवामान केंद्राबद्दल ज्यांनी इतका मार्मिक प्रश्न विचारला, त्या साहेबांना हा दिवा कोणाच्या पैशावर जळतो हा प्रश्न पडला नाही. अर्थात लेआउटमधल्या कोणालाच पडला नाही, आणि बिचारा पोरगा तर इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

फ्यूज दहा रुपयांचा. तो बसला, पोरग्याने पट्टी सरकवली, दोन सेकंद हाक मारली गेली आणि गाडीने ओ दिली. एकदम शांतता पसरली. आता गाडी काय सांगते?

गाडीने पी 0113 हा कोड दिला. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरिंगमध्ये विजेचा दाब जास्त. पोरग्याने चालू आकडे उघडले. बाहेर 45 अंश होते, वाळ्याच्या ताट्या सुकून खडखडीत झाल्या होत्या, आणि पडद्यावर गाडीच्या आत शिरणाऱ्या हवेचं तापमान होतं उणे 40.

हा आकडा वेडाचा नाही, त्याला कारण आहे. तापमानाचा हा सेन्सर म्हणजे एक रोधक. हवा तापली की त्याचा रोध कमी होतो, गार झाली की वाढतो. त्याची तार सुटली तर रोध अनंत, आणि अनंत रोध म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या मते पराकोटीची थंडी. या पद्धतीत तापमान एका बाइटमध्ये पाठवतात, 0 ते 255, आणि त्यातून 40 वजा करतात. म्हणून सर्वात खालचं टोक उणे 40, वरचं 215. तार सुटलेली गाडी सायबेरियात उभी आहे असं समजून पेट्रोल पाजत राहते आणि मालक नागपुरात पंपाच्या रांगेत उभा राहतो. महिनाभर ॲव्हरेज का पडलं होतं त्याचा उलगडा झाला.

इलेक्ट्रिशियनने बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या नळीवर एक छोटा कनेक्टर सुटून लोंबत होता. त्याने तो दाबून बसवला, कट्ट असा आवाज झाला. "फिल्टर कोणी साफ केला होता का एवढ्यात?"

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी फिल्टर साफ झाला होता. कोणी साफ केला, हे अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. साहेब म्हणाले, "चहा सांगा रे सगळ्यांना," आणि कूलर आत ढकलायला लागले.

इलेक्ट्रिशियनने फ्यूजचे दहा आणि येण्याजाण्याचे दोनशे घेतले. कोड पुसायला मात्र साहेबांचीच केबल लागली, कारण बल्बने कोड पुसला जात नाही. तेवढ्यावर साहेबांची प्रतिष्ठा होती तिथे आली, किंबहुना वाढली. आता ते नवीन माणसाला आधी विचारतात, "चार्जर चालते का?" आणि मग थांबून एकेकाकडे पाहतात. हा प्रश्न त्यांना वीज केंद्रात असतानाच सुचला होता, अशी लेआउटची समजूत झाली आहे. इलेक्ट्रिशियन कोण होता ते आता कोणाला आठवत नाही.

ज्यांना केबल विकत घ्यायची असेल त्यांनी एवढं करावं. ती लावण्याआधी गाडीच्या सॉकेटमध्ये सोळाव्या व चौथ्या पिनेवर बल्ब किंवा मीटर धरा. ड्रायव्हर चालतो आहे तोवर त्याला अपडेट करू नका. 1.5 लिहिलेली डबी फुकट मिळाली तरी ती काय म्हणते यावर इंजिन उघडू नका.

आणि एक विनंती. साहेबांची निळी केबल गेल्या आठवड्यात मनीषनगरकडच्या कोणीतरी 'दोन तासांत आणून देतो' म्हणून नेली आहे. नाव विचारायचं राहिलं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया परत करावी. सोबतची सीडी आणली नाही तरी चालेल.